सुधारित संगणकाचे वारंवार कोसळणे : कारणमीमांसा आणि तपासाची पद्धत

बीजशब्द : हार्डवेअर-वाढ, नवस्थापना, रॅम, ड्रायव्हर, अन्वय-व्यतिरेक, माहितीची शुद्धता

प्रास्ताविक

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचे सर्वसाधारण पाठबळ मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. ज्या महाविद्यालयांतील विभाग, ग्रंथालये व परीक्षा कक्ष जुन्या संगणकांवर चालत होते त्यांच्यापुढे त्यामुळे दोन प्रमुख पर्याय उरले. एक म्हणजे नवे संगणक खरेदी करणे. दुसरा म्हणजे आहेत त्याच संगणकांत काही सुटे भाग वाढवून त्यांवर विंडोज ११ नव्याने बसविणे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक आहे. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अधिकृत यादीत येतात. म्हणजे २०१८ च्या आसपास घेतलेले पुष्कळसे संगणक कागदोपत्री पात्र ठरतात. तथापि ४ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क यांवर ही प्रणाली सुसह्य वेगाने चालत नाही. म्हणून रॅमची एक पट्टी वाढविणे, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावणे आणि मग सर्व काही नव्याने बसविणे असा मार्ग अवलंबिला जातो. बहुतेक वेळा त्याचे फळ चांगले मिळते.

प्रश्न उद्भवतो तो उरलेल्या वेळी. उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पावा. एका विभागातील २०१८ साली घेतलेल्या संगणकात दिवाळीच्या सुट्टीत ४ जीबीच्या जुन्या रॅमसोबत ८ जीबीची नवी रॅम बसविली, एसएसडी लावली आणि विंडोज ११ ची नवस्थापना केली. पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी अंतर्गत गुणांची नोंद चालू असताना पडद्यावर त्रुटीची सूचना येऊन संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. पुढे दर दोन दिवसांनी एकदा तरी असे घडू लागले. दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिराने ‘फॉरमॅट मारून’ दिला. चार दिवसांनी तोच अनुभव. पुन्हा फॉरमॅट. तिसऱ्या खेपेस ‘मदरबोर्ड गेला’ असा निर्णय झाला आणि संगणक निर्लेखनाच्या यादीत गेला.

प्रसंग कल्पित असला तरी त्याचा प्रत्येक टप्पा प्राध्यापकवर्गाच्या परिचयाचा आहे. या टप्प्यांत तपास असा कुठेही झालेला नाही. फॉरमॅट व नवस्थापना ही तपासाची कृती नव्हे. तो आणखी एक बदल आहे. प्रस्तुत लेखात हार्डवेअर-वाढ व नवस्थापना एकाच वेळी केल्यावर उद्भवणाऱ्या बिघाडाचे कारण कसे वेगळे काढावे आणि त्यात कोणता क्रम पाळावा याचे विवेचन केले आहे.

एकाच वेळी झालेले दोन बदल

तर्कशास्त्राच्या अभ्यासकांना अन्वय आणि व्यतिरेक ही जोडी नवी नाही. पाश्चात्त्य परंपरेत जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’ या ग्रंथात विगमनाच्या पद्धती मांडल्या. त्यांतील व्यतिरेक पद्धती सांगते की, दोन प्रसंगांत एक घटक वगळता सर्व काही समान असेल आणि परिणाम एकातच घडत असेल, तर त्या घटकाचा परिणामाशी कारणसंबंध असतो. ‘एक घटक वगळता’ ही यातील कळीची अट होय. संगणक सुधारताना नेमकी हीच अट मोडली जाते. रॅम बदलते, साठवण बदलते, ऑपरेटिंग सिस्टीम बदलते, तिच्यासोबत सर्व ड्रायव्हर बदलतात, बायोसमधील मांडणी बदलते आणि कॅबिनेट उघडल्यामुळे आतील केबल व सांधेही हलतात. एवढे झाल्यावर संगणक कोसळू लागला तर दोष कोणाचा, हे केवळ विचार करून सांगता येत नाही.

तरीही नवस्थापनेचा एक उपयोग नाकारता येणार नाही. जुन्या प्रणालीत साचलेला कचरा, व्हायरस, अर्धवट काढलेल्या आज्ञावली या संशयितांची नावे तिच्यामुळे बहुतांशी वगळली जातात. कोऱ्या प्रणालीवरही बिघाड कायम राहिला, तर संशयाची सुई हार्डवेअर आणि ड्रायव्हर यांकडे वळते. एकदा केलेली नवस्थापना एवढे सांगून जाते. दुसऱ्या व तिसऱ्या वेळी ती नवे काहीच सांगत नाही.

हार्डवेअरमुळे झालेला एक बिघाड योगायोग म्हणून सोडून देणे कितपत योग्य आहे, याविषयी एक महत्त्वाचा अभ्यास उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली सुमारे दहा लाख सामान्य वापराच्या संगणकांतील बिघाडांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. आठ महिन्यांच्या काळात ज्या संगणकांच्या प्रोसेसरने एकूण किमान ३० दिवसांइतके काम केले होते, त्यांत प्रोसेसर-व्यवस्थेतील दोषामुळे कोसळण्याची शक्यता १९० मध्ये १ इतकी आढळली. मात्र एकदा कोसळलेला संगणक पुन्हा कोसळण्याची शक्यता ३.३ मध्ये १ इतकी होती. हार्डवेअरचे दोष पुष्कळदा येऊन जाऊन असतात. ते अधूनमधून डोके वर काढतात आणि एरवी गप्प बसतात. ‘काल तर नीट चालला होता’ हे वाक्य म्हणूनच निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही.

कोसळण्याचे प्रकार

संगणक कसा बंद पडतो याची नोंद ही तपासाची पहिली पायरी होय. ‘बंद पडतो’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या घटना येतात.

पहिल्या प्रकारात पडद्यावर त्रुटीचे नाव झळकते. हा पडदा वर्षानुवर्षे निळा असे. विंडोज ११ मध्ये २०२५ साली तो काळा करण्यात आला. येथे ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः थांबते. आपल्या गाभ्यातील नोंदी विश्वासार्ह राहिल्या नाहीत असे तिच्या लक्षात येते आणि पुढे चालत राहून साठवलेली माहिती बिघडविण्यापेक्षा थांबणे ती पसंत करते. दुसऱ्या प्रकारात काहीही न झळकता संगणक एकदम बंद होतो अथवा पुन्हा सुरू होतो. यात सिस्टीमला थांबण्याचा निर्णय घेण्याइतकाही अवधी मिळालेला नसतो, म्हणून वीजपुरवठा व तापमान यांचा संशय प्रथम येतो. तिसऱ्या प्रकारात पडदा गोठतो, माउस हलत नाही आणि कळ दाबून बंद करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पहिला व दुसरा प्रकार यांची गल्लत सहज होते, कारण त्रुटी आल्यावर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय विंडोजमध्ये चालूच ठेवलेली असते. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या ठिकाणी जाऊन ती बंद केल्यास पडदा टिकून राहतो आणि त्याचे मोबाईलने छायाचित्र घेता येते. वापरणाऱ्याची नजर चुकली तरी ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये नोंद राहते. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद वारंवार दिसते आणि अनेकांची दिशाभूल करते. तिचा अर्थ केवळ एवढाच की मागील वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तिच्या तपशिलातील ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर थांबण्याच्या त्रुटीची नोंद झालेली नाही, म्हणजे वीज, उष्णता वा पूर्ण गोठणे यांकडे पाहावे. शून्य नसेल तर त्रुटी घडली आहे व तिचा शोध घेता येतो.

त्रुटींची नावे काही प्रमाणात बोलकी असतात. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आणि ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ ही नावे रॅमची आठवण करून देतात. ‘व्हीआ अनकरेक्टेबल एरर’ हे हार्डवेअरने स्वतः नोंदविलेल्या दोषाचे नाव आहे. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ साठवणीच्या मांडणीकडे, तर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ ग्राफिक्सकडे निर्देश करते. ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’ हे सदोष ड्रायव्हरमुळेही येते आणि सदोष रॅममुळेही. एका नावावरून निदान करण्याचा मोह म्हणूनच टाळावा. पाच वेळा कोसळल्यावर पाच वेगवेगळी नावे आली आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच फाईलवर ठपका ठेवला गेला, तर त्या फाईली बहुधा निरपराध असतात. त्या सर्वांच्या खाली असलेली पायाभूत गोष्ट, म्हणजे रॅम, प्रोसेसर वा वीज, डळमळत असते. उलट पाचही वेळा एकच नाव व एकच ड्रायव्हर दिसला तर त्या ड्रायव्हरवर लक्ष केंद्रित करावे.

नाव आणि कारण यांतील अंतर किती असू शकते याचे ठळक उदाहरण २०२४ साली जगापुढे आले. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील उच्च क्षमतेच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ चालविताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी आहे’ अशी सूचना येऊन आज्ञावली बंद पडत. वापरणाऱ्यांनी साहजिकच ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. प्रत्यक्षात बिघाड प्रोसेसरमध्ये होता : दाबून ठेवलेली माहिती उलगडताना प्रोसेसर चुका करीत होता आणि त्या चुकांचे पर्यवसान भलत्याच सूचनेत होत होते. प्रमाणाबाहेर व्होल्टेज व उष्णता यांमुळे प्रोसेसरमधील एका परिपथाची झीज होत असल्याचे इंटेलने त्याच वर्षी जाहीर केले, सुधारित मायक्रोकोड बायोसमार्फत उपलब्ध केला आणि संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. अशा प्रोसेसरचा संगणक ज्यांच्याकडे आहे त्यांनी बायोस अद्ययावत आहे की नाही हे आधी पाहावे. अर्थात झालेली झीज अद्यतनाने भरून निघत नाही.

रॅम

हार्डवेअर-वाढीनंतरच्या तपासात रॅमला अग्रस्थान देणे इष्ट आहे. बदल बहुधा तिच्यातच झालेला असतो, तिची चाचणी विनामूल्य होते आणि तिचा दोष इतर सर्व चाचण्यांचे निष्कर्ष दूषित करतो.

रॅम निर्दोष असूनही जोडी जमत नाही, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. डीडीआर ४ रॅमचे प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे, परंतु वेष्टनावर छापलेला मोठा वेग पुष्कळदा १.३५ व्होल्टवर आणि बायोसमधील ‘एक्सएमपी’ ही सोय चालू केल्यावरच मिळतो. प्रमाणापेक्षा अधिक वेगाने चालविण्याचा तो प्रकार आहे व प्रत्येक मदरबोर्ड वा प्रोसेसर तो पेलू शकेलच असे नाही. वेगवेगळ्या क्षमतेच्या व वेगवेगळ्या उत्पादकांच्या दोन पट्ट्या एकत्र बसविल्या की त्या सामान्यतः मंद पट्टीच्या गतीने चालतात, पण प्रोसेसरमधील रॅम-नियंत्रकावरील भार वाढतो आणि कालमापनाची सूक्ष्म गणिते बदलतात. म्हणून एक्सएमपी बंद करून मूळ वेगावर संगणक दोन-तीन दिवस चालवून पाहणे ही बिनखर्चाची पहिली चाचणी होय.

दुसरी चाचणी आज्ञावलीची. ‘मेमटेस्ट८६’ ही आज्ञावली १९९४ सालापासून प्रचारात आहे आणि ‘मेमटेस्ट८६+’ ही तिची मुक्त भावंडे-शाखा आहे. ती पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालते. विंडोजमधील स्वतःची ‘मेमरी डायग्नोस्टिक’ सोयही वापरता येते, परंतु ती तुलनेने सौम्य आहे. चाचणी रात्रभर चालू द्यावी. एकही त्रुटी न येणे हाच उत्तीर्णतेचा निकष आहे. येथे ग्रेस गुणांची सोय नाही.

त्रुटी आल्यावर बहुतेकजण नवी पट्टी दुकानात परत देऊन मोकळे होतात. वर कल्पिलेल्या प्रसंगाकडे या दृष्टीने पुन्हा पाहू. दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट आहेत. दोन्ही पट्ट्या बसविल्यावर त्रुटी आल्या. केवळ जुनी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये ठेवली, त्रुटी नाही. येथे थांबल्यास नवी पट्टी दोषी ठरते. परंतु जुन्या पट्टीकडे परतताना दोन घटक बदलले आहेत : नवी पट्टी निघाली आहे आणि दुसरा स्लॉट रिकामा झाला आहे. म्हणून नवी पट्टी एकटीच पहिल्या स्लॉटमध्ये ठेवून चाचणी घेतली, तर समजा, त्रुटी नाही. मग जुनीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवली आणि त्रुटी आल्या. दोष स्लॉटचा आहे हे आता स्पष्ट झाले. सात वर्षे रिकाम्या राहिलेल्या त्या खाचेत धूळ व दमटपणा साचला होता. नवी पट्टी बदलून आणली असती तरी ती त्याच खाचेत बसली असती आणि संगणक पुन्हा कोसळला असता. त्यानंतरच ‘मदरबोर्ड गेला’ हा निष्कर्ष, अर्धसत्य असूनही, सर्वांना पटला असता. चार रात्रींच्या चार चाचण्यांनी जे कळते ते तीन फॉरमॅटनी कळत नाही.

येथे एका रूढ उपायाचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासून पुन्हा बसविणे हा आपल्याकडील दुरुस्तीचा घरगुती मंत्र आहे आणि तो पुष्कळदा लागू पडतो. त्याचे कारण साधे आहे : संपर्कपृष्ठावरील मळ निघतो आणि काढून घालण्याने सांधा नीट बसतो. मात्र वारंवार घासल्यास सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा झिजतो व रबराचे कण खाचेत पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड अधिक चांगले. खाचेसाठी मऊ ब्रश किंवा ब्लोअर. हे करण्यापूर्वी वीजजोडणी काढावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात ही काळजी विशेष आवश्यक आहे. कोकणपट्टीत खाऱ्या दमट हवेने संपर्क गंजणे हा अधिक मोठा शत्रू.

वीज आणि उष्णता

पडदा न येता संगणक पुन्हा सुरू होत असेल, विशेषतः जड काम चालू असताना, तर एसएमपीएस तपासावा. रॅम वा एसएसडीमुळे विजेची मागणी फारशी वाढत नाही. ग्राफिक्स कार्ड बसविले असेल तर मात्र ती लक्षणीय वाढते आणि सात-आठ वर्षे चाललेल्या एसएमपीएसमधील कपॅसिटर तोवर थकलेले असतात. पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट अपेक्षित आहेत व ५ टक्के चढउतार ग्राह्य धरला जातो, म्हणजे ११.४ ते १२.६ ही मर्यादा झाली. हे मोजमाप संगणकावर भार असताना आणि जाणकाराकडूनच करून घ्यावे. मल्टिमीटरला क्षणिक घसरण दिसत नाही, त्यामुळे चांगला दुसरा एसएमपीएस लावून पाहणे ही अधिक निर्णायक चाचणी ठरते.

संगणकाबाहेरची वीजही तपासावी. यूपीएसची बॅटरी उतरली असेल तर वीज क्षणभर जाताच संगणक पुन्हा सुरू होतो आणि दोष मात्र नव्या रॅमवर जातो. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो. प्रयोगशाळेतील अनेक संगणक एकाच काळात त्रास देऊ लागले तर कॅबिनेट उघडण्यापूर्वी विद्युत-तंत्रज्ञाला बोलवावे.

उष्णतेविषयी थोडक्यात. प्रोसेसरवरील पंखा हलविला गेला असेल तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट तडकते व पुन्हा लावणे भाग पडते. तापमान दाखविणाऱ्या आज्ञावली विनामूल्य मिळतात.

साठवण आणि ड्रायव्हर

एसएसडी नवी असली तरी केबल जुनीच असते. डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदींमध्ये ‘सीआरसी एरर काउंट’ हा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, डिस्कचा नव्हे. स्थापना झाल्यावर बायोसमध्ये सॅटाची पद्धत बदलली गेली, उदा. सीआर २०३२ ही छोटी बॅटरी संपून मांडणी मूळपदावर आली, तर विंडोज सुरूच होत नाही. अशा वेळी फॉरमॅट न करता पद्धत पूर्ववत करणे पुरेसे असते.

ड्रायव्हर हा प्रणालीच्या गाभ्यात काम करतो, म्हणून त्याची चूक संपूर्ण संगणकाला भोवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-आज्ञावलीच्या एका सदोष अद्यतनाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. हार्डवेअर त्या सर्वांचे धडधाकट होते. नवस्थापनेनंतर विंडोज स्वतः सामान्य ड्रायव्हर बसविते आणि बहुधा ते चालतात. तरीही चिपसेट, ग्राफिक्स व नेटवर्क यांचे ड्रायव्हर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावेत. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे आमिष दाखविणाऱ्या आज्ञावलींपासून दूर राहिलेले बरे. विंडोज ११ केवळ ६४ बिटांत उपलब्ध असल्याने जुने ३२ बिटांचे ड्रायव्हर तीवर चालत नाहीत. जुना स्कॅनर, बायोमेट्रिक यंत्र किंवा मराठी टंकलेखन प्रणालीचे डाँगल यांची अडचण येथे उद्भवते.

नवस्थापनेनंतर एकाच दुपारी अँटिव्हायरस, टंकलेखन, लेखा, सांख्यिकी, प्रिंटर असे सारे बसवून टाकण्याची घाई सार्वत्रिक आहे. त्यामुळे कोऱ्या प्रणालीचा मिळालेला लाभ संध्याकाळपर्यंत संपतो. दोन दिवस केवळ विंडोज व आवश्यक ड्रायव्हर ठेवावेत, मग एकेक भर घालावी. आणखी एक तपशील : विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा पूर्णतः नव्याने सुरू होत नाही, तो जपून ठेवलेल्या अवस्थेतून परततो. ड्रायव्हर वा सुटा भाग बदलल्यावर म्हणून ‘रीस्टार्ट’ करावे अथवा ही सोय बंद ठेवावी.

हार्डवेअर की प्रणाली, एवढाच प्रश्न असेल तर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येते. तिच्यावरही संगणक कोसळला तर विंडोज व तिचे ड्रायव्हर दोषमुक्त होतात. न कोसळल्यास मात्र लगेच उलट निष्कर्ष काढू नये.

किती काळ वाट पाहावी

उपाय केल्यावर संगणक एक दिवस चालला की तो दुरुस्त झाला असे मानले जाते. बिघाड दर दोन दिवसांनी घडत असेल तर एका दिवसाच्या शांततेला अर्थ नाही. बिघाड यादृच्छिक रीतीने घडतात असे गृहीत धरल्यास, काहीही सुधारले नसतानाही सरासरी अंतराच्या तिप्पट काळ शांततेत जाण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. म्हणून दोन दिवसांच्या सरासरीला सहा दिवस, आठवड्याच्या सरासरीला तीन आठवडे वाट पाहावी. त्या काळात दुसरा कोणताही बदल करू नये आणि प्रत्येक बिघाडाची तारीख, वेळ, त्रुटीचे नाव व त्या वेळी चालू असलेले काम यांची वहीत नोंद ठेवावी. संगणकाशेजारी टांगलेली दहा रुपयांची वही बिघाड शोधताना अनेक महागड्या उपकरणांपेक्षा उपयोगी पडते. वॉरंटीचा दावा करतानाही तीच कामी येते.

माहितीची शुद्धता

कोसळणारा संगणक निदान आपला दोष जाहीर करतो. अधिक चिंतेची बाब आहे ती सदोष रॅम असूनही न कोसळणाऱ्या क्षणांची. गूगलच्या सर्व्हरांवर आधारलेल्या २००९ सालच्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत त्रुटी नोंदल्या गेल्या. तेथे चुका ओळखणारी ईसीसी रॅम होती म्हणून त्या नोंदल्या तरी गेल्या. महाविद्यालयीन टेबलावरील साध्या संगणकात तशी सोय नसते.

एक बिट उलटल्याने काय होते हे पाहण्यासारखे आहे. आस्की संकेतात इंग्रजी चार हा अंक ०११०१०० असा लिहिला जातो. उजवीकडून दुसरा बिट उलटला की ०११०११० होतो, आणि तो सहा आहे. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ४० गुणांचे ६० होण्यास एवढे पुरते. युनिकोडमधील देवनागरी ४ आणि ८ यांच्या संकेतांतही एकाच बिटाचा फरक आहे. अशा बदलाची सूचना संगणक देत नाही, कारण ६० हीदेखील वैध नोंद आहे. गुणनोंदी, प्रबंधाची सांख्यिकी, शिष्यवृत्तीच्या याद्या यांना असलेला खरा धोका हा आहे. पुन्हा टंकलेखन करावे लागणे हा त्यामानाने किरकोळ त्रास.

यावरून कामाचा क्रम ठरतो. संगणक कोसळू लागताच त्यावर नवी नोंद करणे थांबवावे. माहितीची प्रत त्याच संगणकावरून घेऊ नये, कारण ती प्रतही त्याच सदोष रॅममधून जाते. डिस्क काढून निर्दोष संगणकाला जोडावी आणि तेथे प्रत घ्यावी. पूर्वीची जुनी प्रत असेल तर तिच्यावर नवी प्रत लिहू नये, दोन्ही ठेवाव्यात. त्यानंतर रॅम, वीज, साठवण व ड्रायव्हर या क्रमाने तपास करावा. पुढील वेळी हार्डवेअर वाढविताना तर हा क्रम आधीच साधता येतो : नवा भाग बसवावा, जुन्याच प्रणालीवर आठवडाभर चालवावा, रात्रभर रॅमची चाचणी घ्यावी आणि मगच नवस्थापना करावी. दोन बदलांमध्ये एवढे अंतर ठेवले तर दोष कोणाचा हा वाद फारसा उरत नाही.

वरील कल्पित प्रसंगात स्लॉट स्वच्छ झाल्यावर आणि दोन्ही पट्ट्यांची रात्रभराची चाचणी निर्दोष पार पडल्यावर विंडोजची नवस्थापना आणखी एकदा करणे आवश्यक ठरते, कारण आधीच्या तिन्ही स्थापना सदोष मार्गानेच डिस्कवर उतरल्या होत्या. त्या काळात नोंदविलेले अंतर्गत गुण प्राध्यापकांच्या स्वाक्षरीच्या कागदी गुणपत्रकांशी एकेक करून ताडून पाहावे लागतात. हे काम दोन व्यक्तींनी मिळून, एकाने वाचून व दुसऱ्याने पडद्यावर पाहून, विद्यापीठाकडे गुण पाठविण्याच्या अंतिम तारखेपूर्वी पूर्ण करावे.